न्यूट्रिनोचे रूपांतर : पर्यायी उपपत्तींच्या परीक्षेचा इतिहास

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत अलीकडे एक वाक्य स्थिर झालेले दिसते. न्यूट्रिनो नामक मूलकणास, अत्यल्प का होईना, पण वस्तुमान असते आणि प्रवासात तो आपला प्रकार बदलतो, असे ते वाक्य. त्याच्या शेजारी १९९८ हे साल छापलेले असते आणि जपानातील एका प्रयोगशाळेचे नाव असते. सालाविषयी वा नावाविषयी तक्रार करावी असे काही नाही. परंतु ज्याने आयुष्याची तीस वर्षे इतिहास शिकविण्यात घालविली, त्याला एका वाक्यात आटोपलेला असा शोध पाहिला की थोडी अस्वस्थता वाटते. १८१८ साली पेशवाई बुडाली हे वाक्यही खरेच आहे; पण ते जेवढे सांगते त्याहून अधिक झाकून ठेवते.

आमच्या शाळेच्या विज्ञान-मंडळात दोन वर्षांपूर्वी एका प्राध्यापकांचे या विषयावर व्याख्यान झाले. व्याख्यान संपल्यावर नववीतील एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, ते न्यूट्रिनो बदलले कशावरून? वाटेत मेले नसतील कशावरून?" वेळ संपत आली होती; प्राध्यापकांनी 'ते सिद्ध झाले आहे' एवढेच सांगितले आणि आभारप्रदर्शन झाले. मी कला शाखेचा पदवीधर. गणिताशी माझा परिचय बेताचाच. तथापि तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुढे मिळेल ते वाचीत गेलो, तेव्हा ध्यानात आले की त्या मुलाचा प्रश्न हा बालिश प्रश्न नव्हता. या विषयातील थोर थोर मंडळी तीस-पस्तीस वर्षे तोच प्रश्न एकमेकांना विचारीत होती, आणि गंमत अशी की, पाठ्यपुस्तकातील १९९८ या साली त्या प्रश्नाला निर्णायक उत्तर कोणापाशीच नव्हते. ते उत्तर कसे मिळाले त्याचा हा वृत्तान्त आहे.

न्यूट्रिनोचा जन्मच मुळी एका अडचणीतून झाला. किरणोत्सर्गी अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा काही ऊर्जा हिशेबातून नाहीशी होते असे दिसत होते. डिसेंबर १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी एका पत्रातून भीत भीत सुचविले की, विद्युत्भार नसलेला एखादा अदृश्य कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. १९३४ साली एन्रिको फेर्मी यांनी त्या कल्पनेला उपपत्तीचे रूप दिले. प्रत्यक्ष कण मात्र सापडला १९५६ साली, अमेरिकेतील सव्हाना रिव्हर येथील अणुभट्टीशेजारी, रेन्स व कोवन यांच्या प्रयोगात. १९६२ साली न्यूट्रिनो एका प्रकारचा नसून निदान दोन प्रकारचे आहेत असे दिसून आले : एक इलेक्ट्रॉनचा सोबती, दुसरा म्यूऑनचा. तिसरा, टाऊ-न्यूट्रिनो, प्रयोगात प्रत्यक्ष दिसावयास २००० साल उजाडले.

आता सूर्याकडे वळू. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हीलियम होताना जे न्यूट्रिनो निर्माण होतात ते सर्व इलेक्ट्रॉन-जातीचे असतात, आणि आपल्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदास सुमारे सहा हजार कोटी न्यूट्रिनो आरपार निघून जातात. पृथ्वीचा अडथळा त्यांना जवळजवळ नसतोच. रेमंड डेव्हिस या रसायनशास्त्रज्ञाने हे अदृश्य प्रवासी मोजावयाचे ठरविले. ते ब्रुकहेवन प्रयोगशाळेत काम करीत. किती न्यूट्रिनो यावेत याचे गणित जॉन बाकॉल या तरुण ज्योतिर्विदाने मांडले. १९६४ साली दोघांचे निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. दक्षिण डाकोटातील होमस्टेक या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, ६१५ टन पर्क्लोरएथिलीन भरलेली टाकी बसविण्यात आली. कपड्यांच्या कोरड्या धुलाईसाठी वापरतात तेच हे द्रव. न्यूट्रिनो क्लोरीनच्या अणूवर आदळला तर क्वचित प्रसंगी त्याचा किरणोत्सर्गी अर्गॉन होतो. टाकीत साठलेले ते मोजके अणू हीलियम वायू खेळवून बाहेर काढावयाचे आणि मोजावयाचे, अशी योजना होती. शेकडो टन द्रवातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अणू शोधून काढणे म्हणजे काय, याचा विचार करताना आमच्यासारख्यांची मती गुंग होते.

१९६८ साली पहिला निष्कर्ष जाहीर झाला. बाकॉल यांच्या गणिताप्रमाणे जी संख्या साडेसात यावयास हवी होती, ती तीनहून अधिक नाही असे डेव्हिस यांना आढळले. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे ते मोजतच राहिले. दिवसाला दीडेक अणू अपेक्षित होते. मिळत होता दोन दिवसांस सुमारे एक. शेवटपर्यंत हिशेब एकतृतीयांशाच्या आसपासच राहिला.

येथून पर्यायी उपपत्तींची परीक्षा सुरू होते. उणीव तीन ठिकाणी असू शकत होती : मोजणाऱ्यात, सूर्यात किंवा न्यूट्रिनोत. बहुतेकांनी साहजिकच पहिल्याकडे बोट दाखविले. डेव्हिस यांनी त्यावर रुष्ट न होता स्वतःची परीक्षा स्वतःच घेतली. टाकीत ठाऊक असलेल्या प्रमाणात अर्गॉन सोडून तो परत मिळतो की नाही हे त्यांनी वारंवार पाहिले. शेकडा पंच्याण्णवच्या आसपास तो परत मिळे. इतर रसायनज्ञांनी ज्या ज्या शंका काढल्या त्या त्या त्यांनी तपासल्या. या मनुष्याच्या स्वभावाविषयी मला फार आदर वाटतो. आपला आकडा कोणालाच नको आहे हे ठाऊक असूनही तो बदलावयाचा नाही, आणि कोणी शंका काढली तर तिला कष्टपूर्वक उत्तर द्यावयाचे, असा संयम त्यांनी इतकी वर्षे बाळगला. २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते.

दुसरा संशयित सूर्य. होमस्टेकच्या टाकीला मुख्यत्वे जे न्यूट्रिनो जाणवत, ते बोरॉन-८ या अणूपासून निघणारे होते, आणि त्यांची संख्या सूर्याच्या गाभ्याच्या उष्णतामानावर विलक्षण अवलंबून असते : उष्णतामानाच्या जवळजवळ पंचविसाव्या घाताच्या प्रमाणात ती बदलते. म्हणजे गाभा केवळ चार-साडेचार टक्के थंड असला तरी बोरॉनचे न्यूट्रिनो एकतृतीयांशावर येतील. दीड कोटी अंशांच्या हिशेबात चार टक्क्यांची चूक होणार नाही असे कोण सांगू शकेल? मग कल्पनांना बहर आला. सूर्याच्या गाभ्यातील द्रव्य ढवळले जात असावे, गाभ्यात जड मूलद्रव्ये कमी असावीत, सूर्याची भट्टी सध्या काही काळ मंदावली असावी, इतकेच नव्हे तर सूर्याच्या पोटात एक लहानसे कृष्णविवर असावे, अशाही सूचना गंभीरपणे मांडल्या गेल्या. आज त्या वाचताना हसू येते खरे. परंतु त्यांपैकी प्रत्येक सूचना तपासून पाहण्याजोगी होती आणि तपासली गेली, हे विसरता कामा नये.

सूर्याविरुद्धचा आरोप दोन मार्गांनी कोसळला. पहिला मार्ग निखळ तर्काचा आहे व तो मला विशेष सुंदर वाटतो. जपानातील कामिओका येथील खाणीत पाण्याची मोठी टाकी बसवून कामिओकांडे या प्रयोगाने १९८९ साली सूर्याचे न्यूट्रिनो मोजले. ते सूर्याच्याच दिशेने येतात हेही तेथे प्रथमच दिसले. ही टाकी केवळ बोरॉनचेच न्यूट्रिनो टिपी, आणि तिला अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास सापडले. आता डेव्हिस यांच्या टाकीत बोरॉनच्या न्यूट्रिनोंबरोबर बेरिलियम-७ या अणूचेही न्यूट्रिनो सापडावयास हवेत. बाकॉल आणि हान्स बेथे यांनी १९९० साली दाखवून दिले की, कामिओकांडेने मोजलेले बोरॉनचे न्यूट्रिनो धरले तर डेव्हिस यांचा सगळा हिशेब त्यांतच संपतो. बेरिलियमच्या न्यूट्रिनोंना जागाच उरत नाही. परंतु सूर्यात बोरॉन तयार होतो तो बेरिलियमपासूनच! आई घरात नाही आणि मूल मात्र आहे, अशी ती स्थिती. सूर्य कितीही थंड केला तरी बेरिलियम नाहीसा करून बोरॉन शिल्लक ठेवता येत नाही. ज्या बेथे यांनी १९३९ च्या सुमारास सूर्य कशाने जळतो याचे कोडे सोडविले होते, त्यांनीच वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी सूर्याला दोषमुक्त करावे हा योगायोग मोठा हृद्य आहे.

दुसरा मार्ग निरीक्षणाचा. सूर्याचा पृष्ठभाग सतत कंप पावत असतो. घंटेच्या नादावरून जाणत्यास तिच्या धातूची पारख करता येते, तसे त्या कंपांवरून आतील द्रव्यात ध्वनी कोणत्या वेगाने जातो हे काढता येते. १९९७ च्या सुमारास असे आढळले की मोजलेला वेग आणि बाकॉल प्रभृतींच्या गणितातील वेग यांत हजारात एक-दोन एवढाच फरक आहे. चार टक्के थंड गाभ्याला त्यात वाव नव्हता. गॅलियम या धातूवर आधारलेले कॉकेशसमधील व इटलीतील दोन प्रयोगही १९९० नंतर याच दिशेने बोलू लागले. त्यांना सूर्याचे अगदी मंद, मूळ साखळीतील न्यूट्रिनो जाणवत, आणि त्यांची संख्या तर सूर्याच्या प्रकाशावरूनच ठरते. तेथेही अपेक्षेच्या साठ टक्क्यांच्या आतच न्यूट्रिनो मिळाले.

राहता राहिला न्यूट्रिनो. ब्रूनो पोंटेकोर्वो हे इटलीत जन्मलेले व १९५० साली सोव्हिएत संघात गेलेले शास्त्रज्ञ. त्यांनी १९५७ सालीच न्यूट्रिनोच्या दोलनाची कल्पना मांडली होती. १९६२ साली जपानातील माकी, नाकागावा व साकाता यांनी प्रकार-मिश्रणाची कल्पना पुढे आणली. १९६९ साली ग्रिबोव्ह व पोंटेकोर्वो यांनी सूर्याच्या कोड्याला ती लावून दाखविली. कल्पना काय आहे हे समजण्यास गणित नको, तंबोरा पुरे. जोडाच्या दोन तारा अगदी जुळल्या असतील तर स्वर एकसारखा निघतो. त्यांत किंचित अंतर असेल तर स्वर फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो हा एकच शुद्ध स्वर नसून निरनिराळ्या वस्तुमानांच्या अवस्थांचा जोड आहे. वस्तुमानांत अंतर असेल तर वाटेत त्याचे इलेक्ट्रॉनपण ओसरते आणि दुसऱ्या प्रकाराचे रूप वर येते, मग पुन्हा इलेक्ट्रॉनपण परतते. वस्तुमान मुळीच नसेल तर हे हेलकावे नाहीत. किती अंतरावर हेलकावा येईल, ते गेलेल्या अंतरास ऊर्जेने भागून ठरते. हा भागाकार वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सगळा निवाडा त्यावरच झाला.

परंतु न्यूट्रिनोत दोष आहे असे म्हटले म्हणजे दोलनच झाले असे नव्हे. १९७२ साली बाकॉल, काबिब्बो व याहिल यांनी विचारले, न्यूट्रिनो वाटेत नाश पावत असेल तर? म्हणजे आमच्या नववीतल्या मुलाचाच प्रश्न. दुसऱ्या काहींनी म्हटले, न्यूट्रिनो स्वतः सूक्ष्म चुंबक असेल आणि सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात तो उलटून आपल्या यंत्रांना अदृश्य होत असेल. आणखी काहींच्या मते सूर्याच्या द्रव्याशी त्याची एखादी अज्ञात आंतरक्रिया असावी, आणि तिच्यामुळे वस्तुमान नसतानाही तो प्रकार बदलीत असावा. प्रत्येक उपपत्तीमागे जाणती माणसे होती.

चुंबकाच्या उपपत्तीला काही काळ बरे दिवस आले होते. सूर्यावरील डाग वाढले की डेव्हिस यांची संख्या घटते, असे त्यांच्या काही वर्षांच्या आकड्यांवरून वाटू लागले. डाग वाढणे म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढणे. तेव्हा गोष्ट जुळल्यासारखी दिसली. पण कामिओकांडेने १९८७ ते १९९५ या काळात, डागांचे चक्र चढून उतरेपर्यंत, मोजणी केली. तीत असा चढउतार दिसला नाही. नाशाच्या उपपत्तीवर आघात झाला तो आकाशातून. फेब्रुवारी १९८७ मध्ये दक्षिणेकडील मोठ्या मॅजेलन मेघात एक तारा फुटला. त्याचे न्यूट्रिनो दीड लाखाहून अधिक वर्षे प्रवास करून आले आणि जपान, अमेरिका व सोव्हिएत संघ येथील तीन प्रयोगांत मिळून दोन डझनांच्या आसपास सापडले. इतका दीर्घ प्रवास करूनही जे जिवंत राहिले, ते सूर्यापासूनच्या आठ मिनिटांत मरतील हे संभवत नव्हते. तथापि हाही निर्णय पूर्ण नव्हता. न्यूट्रिनो जर जोड असेल तर त्यातील एक तार टिकाऊ आणि दुसरी नाशिवंत असू शकते. ताऱ्याकडून आली ती टिकाऊ तार असेल. शंकेखोरांची ही पळवाट आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण ती रास्त पळवाट होती.

दरम्यान दुसऱ्याच बाजूने पुरावा जमू लागला होता. अवकाशातील किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून जे न्यूट्रिनो निर्माण करतात, त्यांत म्यूऑन-जातीचे इलेक्ट्रॉन-जातीच्या दुप्पट असावे लागतात. असे वातावरणातील न्यूट्रिनो माणसाने प्रथम टिपले ते १९६५ साली, आणि तेही आमच्या राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २,३०० मीटर खोलीवर. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानातील ओसाका व इंग्लंडातील डरहॅम यांचा तो संयुक्त प्रयोग होता. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील खाणीत रेन्स यांच्या गटासही ते सापडले. कोलारची खाण २००१ साली बंद झाली. बेळगावातील किती शिक्षकांना हे ठाऊक आहे, हे मी विचारून पाहिले. उत्तर येथे लिहीत नाही.

१९८८ साली कामिओकांडेने जाहीर केले की, दोनास एक हे प्रमाण मिळत नाही. म्यूऑन-जातीचे कमी पडतात. अमेरिकेतील पाण्याच्याच एका टाकीत पुढे तसेच दिसले. परंतु युरोपातील दोन लोखंडी उपकरणांना काहीच कमी दिसेना. तेव्हा लोक म्हणू लागले की पाण्याच्या टाक्या म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन यांच्या खुणांत गल्लत करीत असाव्यात. या शंकेला उत्तर कसे दिले पाहा : जपानातील त्सुकुबा येथे एक हजार टन पाण्याची टाकी बांधून तीत मुद्दाम ठाऊक असलेले इलेक्ट्रॉन व म्यूऑन सोडले आणि टाकी त्यांना ओळखते की नाही हे पाहिले. ती ओळखते असा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. कोणी असेही सुचविले होते की म्यूऑन-जातीचे कमी नसून इलेक्ट्रॉनच जादा आहेत, व ते पाण्यातील प्रोटॉनच्या नाशामुळे आलेले आहेत!

मग आले सुपर-कामिओकांडे : पन्नास हजार टन पाणी, अकरा हजारांहून अधिक प्रकाश-नलिका, डोंगराखाली एक किलोमीटर. ५ जून १९९८ रोजी ताकायामा येथील परिषदेत ताकाआकी काजिता यांनी निष्कर्ष सांगितला. डोक्यावरून येणारे म्यूऑन-न्यूट्रिनो वीसेक किलोमीटर चालून येतात. पायाखालून येणारे पृथ्वी ओलांडून सुमारे तेरा हजार किलोमीटर. अवकाशातील किरण सर्व बाजूंनी सारखेच येत असल्याने दोहोंची संख्या सारखी असावयास हवी. परंतु खालून येणारे वरून येणाऱ्यांच्या जेमतेम निम्मे निघाले. इलेक्ट्रॉन-जातीत असा फरक नव्हता. या युक्तिवादाची ताकद अशी की, यात कोणाच्याही गणितावर विश्वास ठेवावा लागत नाही. टाकी स्वतःचीच स्वतःशी तुलना करते. प्रोटॉनच्या नाशाने वर-खाली भेद पडत नाही, आणि पृथ्वीने न्यूट्रिनो शोषून घेतले म्हणावे तर तिला दोन्ही जाती सारख्याच.

पण 'वाटेत मेले नसतील कशावरून?' हा प्रश्न होता तेथेच होता. लांब चालून आलेले कमी झाले हे नाशानेही समजते. वेगवान कणाचे आयुष्य सापेक्षतेच्या नियमाने लांबते. म्हणून नाशाचे प्रमाणही त्याच भागाकारावर, अंतर भागिले ऊर्जा यावरच, अवलंबून असते. भारतात जन्मलेले संदीप पकवासा, त्यांचे हवाईतील सहकारी जॉन लर्नेड आणि बार्गर व वायलर यांनी १९९९ साली हे स्पष्ट मांडले. विशेष हे की, लर्नेड स्वतः सुपर-कामिओकांडेच्याच गटातील होते. आपल्याच घराच्या पायाला टिकाव घालून पाहण्याची ही वृत्ती आमच्या साहित्य-संस्थांतून विरळा आढळते, एवढे म्हटले तर सभासदांनी राग मानू नये. दुसरी उपपत्ती अशी की, जोडाच्या तारांची परस्पर संगतीच वाटेत बिघडते. मग हेलकावे येत नाहीत, स्वर अर्ध्यावर येऊन तेथेच स्थिरावतो. तिसरी उपपत्ती आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत किंवा गुरुत्वाकर्षणाच्या तत्त्वात बारीक खोट मानणारी. या तिसरीत अंतराला ऊर्जेने भागावयाचे नसून गुणावयाचे असते. आणि अतिशय ऊर्जावान न्यूट्रिनोंचे आकडे तपासले तेव्हा गुणाकार जुळेना, भागाकार जुळला. ती उपपत्ती अशी लवकर बाद झाली. पहिल्या दोघी मात्र चिवट होत्या.

भेद कोठे दिसणार? तेल संपत आलेला दिवा मंद होत जातो, पुन्हा उजळत नाही. संगती बिघडलेला स्वर अर्ध्यावर थांबतो. दोलनात मात्र न्यूट्रिनो नाहीसे होऊन पुन्हा परतले पाहिजेत. म्हणजे भागाकाराच्या एका ठरावीक किमतीशी खड्डा आणि त्यापुढे चढण दिसली पाहिजे. सुपर-कामिओकांडेला हा खड्डा दिसत नव्हता, कारण अंतर व ऊर्जा यांच्या मोजमापातील अनिश्चिततेने तो बुजून जाई. विशेषतः क्षितिजाजवळून येणाऱ्या न्यूट्रिनोंत दिशेची थोडी चूक झाली की अंतराचा अंदाज शेकडो किलोमीटरांनी चुकतो. मध्यंतरी नोव्हेंबर २००१ मध्ये एक प्रकाश-नलिका फुटली आणि तिच्या धक्क्याने साडेसहा हजारांहून अधिक नलिका फुटून गेल्या. तरी त्यापूर्वी जमविलेली सामग्री हाती होती. तीतून, ज्यांचे अंतर व ऊर्जा खात्रीने सांगता येते असेच २,७२६ प्रसंग निवडून बाकीचे टाकून दिले, आणि २००४ साली खड्डा दिसला : एका अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे सुमारे पाचशे किलोमीटर या ठिकाणी. त्यापुढे संख्या पुन्हा चढत होती. नाश व संगती-लोप या दोन्ही उपपत्ती तीन प्रमाण-विचलनांहून अधिक फरकाने मागे पडल्या. माझ्या मते त्या नववीतील मुलाला द्यावयाचे खरे उत्तर हे आहे, आणि त्याचे साल १९९८ नसून २००४ आहे. पुढे २०११ साली अमेरिकेतील मिनोस या प्रयोगाने, ७३५ किलोमीटर अंतरावर कृत्रिम न्यूट्रिनो पाठवून, हा फरक सात व नऊ प्रमाण-विचलनांवर नेला. नाहीसे झालेले म्यूऑन-न्यूट्रिनो टाऊ बनून प्रकट होतात हे इटलीतील ऑपेरा प्रयोगाने २०१५ साली निश्चित केले.

सूर्याचा निकाल याआधीच लागला होता. कॅनडातील सडबरी येथे दोन किलोमीटर खोल खाणीत एक हजार टन जड पाणी ठेवलेले होते. जड पाण्याची कल्पना हर्बर्ट चेन यांची. ते १९८७ सालीच निवर्तले, प्रयोग त्यांना पाहावयास मिळाला नाही. जड पाण्याचा गुण असा की, त्यात एक क्रिया केवळ इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोने होते, तर दुसरी तिन्ही प्रकारांनी सारखीच होते. आर्थर मॅकडोनाल्ड यांच्या गटाने एप्रिल २००२ मध्ये आकडे दिले. दर चौरस सेंटिमीटरमागे दर सेकंदास इलेक्ट्रॉन-जातीचे १७.६ लाख, सर्व जातींचे मिळून ५०.९ लाख. बाकॉल यांच्या गणिताचा आकडा ५०.५ लाख! डेव्हिसही बरोबर होते आणि बाकॉलही बरोबर होते. चौतीस वर्षे जग त्या दोघांपैकी एकाची चूक शोधीत होते.

हा आकडा नाशाच्या विरुद्ध जातो, कारण एकूण बेरीज घटलेली नाही. पण सावध वाचकाच्या ध्यानात येईल की, प्रकार बदलला एवढेच यावरून ठरते; कशामुळे बदलला हे ठरत नाही. चुंबकाची व अज्ञात आंतरक्रियेची उपपत्ती अजून जिवंत होती. त्यांना सूर्याच्या बाहेर ओढून आणणे आवश्यक होते, आणि ते काम कामलँड या प्रयोगाने केले. जपानभर पसरलेल्या अणुभट्ट्यांतून निघणारे प्रति-न्यूट्रिनो सरासरी १८० किलोमीटरांवर मोजण्यात आले. डिसेंबर २००२ मध्ये निष्कर्ष आला : सुमारे ८७ अपेक्षित, ५४ प्राप्त. येथे सूर्याचे चुंबकत्व नव्हते, सूर्याचे घन द्रव्यही नव्हते. तरीही न्यूट्रिनो उणे झाले, आणि ते सूर्याच्या कोड्यावरून बांधलेल्या एका अंदाजाशी जुळतील एवढेच उणे झाले. २००८ पर्यंत कामलँडच्या आलेखात एकापाठोपाठ एक दोन हेलकावे स्पष्ट दिसू लागले.

यात एक बारकावा आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो हटकून चुकतो. सडबरीने पाहिले ते काटेकोर अर्थाने दोलन नव्हेच. वोल्फेनस्टाइन यांनी १९७८ साली आणि मिखेयेव्ह व स्मिर्नोव्ह यांनी १९८५ साली दाखविल्याप्रमाणे, सूर्याच्या घन गाभ्यातून बाहेर येताना न्यूट्रिनो हळूहळू एका अवस्थेत स्थिर होऊन बाहेर पडतो. तंबोऱ्याचे हेलकावे तेथे नसतात, तार हळूहळू दुसऱ्या स्वरावर उतरते असे म्हणावे लागेल. २०१५ चे नोबेल पारितोषिक काजिता व मॅकडोनाल्ड यांना दोलनांच्या शोधासाठी दिले गेले, त्यानंतर स्मिर्नोव्ह यांनी या शब्दयोजनेतील चूक दाखवून दिली होती. पारितोषिकाची योग्यता त्यामुळे उणावत नाही. पण शब्द नेमका असावा या आग्रहात भाषेच्या शिक्षकाला आनंद वाटतो.

मागे गॅलियमच्या दोन प्रयोगांचा उल्लेख आला आहे. आपली उपकरणे बरोबर मोजतात ना, हे पाहण्यासाठी त्या मंडळींनी किरणोत्सर्गी क्रोमियमचा, मोजमाप ठाऊक असलेला स्रोत गॅलियमजवळ आणून ठेवला होता. तेव्हा संख्या थोडी कमी आली. पण अनिश्चिततेच्या मर्यादेत म्हणून ती सोडून दिली गेली. कॉकेशसमधील बक्सान येथे हीच परीक्षा फार प्रबळ स्रोत घेऊन पुन्हा करण्यात आली आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्रोतापासून गॅलियमचे अंतर फार थोडे. ज्ञात दोलनांना एवढ्या अंतरात वावच नाही. तरीही सुमारे वीस टक्के न्यूट्रिनो कमी भरले. क्रोमियमच्या मोजमापात चूक आहे, की गॅलियमच्या गुणधर्मांविषयीचा अंदाज चुकला आहे, की चौथ्या प्रकारचा कोणी न्यूट्रिनो आहे, हे अद्याप ठरलेले नाही. दुसऱ्या प्रयोगांनी त्या चौथ्याला दिलेली जागा पुष्कळच आकसली आहे, आणि गॅलियमचा आकडा मात्र आपल्या जागी आहे.